हुबेहूब : सुईने काढलेला प्राणी आणि सादृश्याचा प्रश्न

मराठी समीक्षेत ‘कशिदा’ हा शब्द बहुधा आरोप म्हणून येतो. एखाद्या लेखकाची शैली अनुभवापेक्षा वरचढ झाली की तिला शब्दांचा कशिदा म्हटले जाते. याउलट, प्रत्यक्ष कापडावर दोऱ्याने वाघ किंवा हरीण काढले असेल तर त्याच्या वाट्याला ‘हुबेहूब’ हे एकच प्रशस्तिपद येते आणि त्यासरशी चर्चा संपते. एका ठिकाणी कशिदा वास्तव झाकतो म्हणून दोषी. दुसऱ्या ठिकाणी तो वास्तवाची नक्कल करतो म्हणून केवळ हस्तकौशल्य. हे दोन्ही निवाडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत आलेख्य आणि सूचीवानकर्म दोन्ही आहेत. परंतु यशोधराने आपल्या टीकेत रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही षडंगे सांगितली ती आलेख्याच्या संदर्भात. सुईच्या वाट्याला अशी मीमांसा आली नाही. आपल्या भाषेने मात्र ही फारकत पाळलेली नाही. चित्र ‘काढतात’ तसा कशिदाही ‘काढतात’. आणि रेघ काढून झाली की ती दोऱ्याने ‘भरतात’.

भिलाई हे या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षणीय गाव आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती ही नगरी वसली. तिच्यात अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत, मराठी भाषकही आहेत. चंबा किंवा कच्छ यांच्यासारखी प्रदेशाच्या नावाने ओळखली जाणारी भरतकामाची परंपरा भिलाईला नाही. मराठी घरांची या बाबतीतली शिदोरी म्हणजे मॅटीच्या कापडावर धागे मोजून घातलेल्या फुलीच्या टाक्यांचे पोपट आणि हंस, काचेच्या चौकटीत बसवलेले आणि मुलगी पाहायला आलेल्यांपुढे कौतुकाने मांडले जाणारे. ते प्राणी नव्हतेच. ती गृहकृत्यदक्षतेची प्रमाणपत्रे होती. हुबेहूब प्राणी ही निराळी जात. तिच्यासाठी समोर प्राणी हवा, निदान त्याचे छायाचित्र हवे. भिलाईच्या मैत्रीबागेत (स्थापना १९७२) तो आहे: तेथील पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत.

पांढरा वाघ दोऱ्याने काढायचा म्हणजे सादृश्याची कठीण परीक्षा. त्याचा पांढरा रंग एका लडीत मिळत नाही. साय, राख, फिकट निळसर छाया असे अनेक दोरे जवळजवळ ठेवावे लागतात. सहापदरी दोऱ्याचा एकच पदर सुईत ओवून लांब-आखूड टाके घालत जायचे. मागची लव आधी, तिच्यावर येणारी पुढची नंतर, कौले शाकारावीत तशी. टाक्याची दिशा चुकली तर रंग अचूक असूनही कातडे खोटे दिसते, कारण दोरा प्रकाश परतवतो तो आपल्या दिशेनुसार. एकच रंग आडवा आणि उभा घातला तर दोन छटा दिसतात. रंगकाराला कुंचल्याने केसाचा आभास निर्माण करावा लागतो. सुईच्या हातात मात्र मुळातच एक तंतू असतो. तो लवीचे चित्र काढीत नाही. लव जशी अंगावर निजते तसा कापडावर निजतो. येथे सादृश्य केवळ रूपाचे नाही, द्रव्याचेही आहे.

हा मुद्दा कालिदासाच्या दोन प्रसंगांजवळ नेऊन पाहावा. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंताला चित्र अपुरे वाटते. मालिनीच्या वाळूतले हंसयुगुल आणि काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी त्यात अजून यायची आहेत. प्राणी येथे विरहाची भर घालतात. हरिणी हुबेहूब असावी यापेक्षा तिचा विश्वास दिसावा, हे महत्त्वाचे. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटुवेषातील शिव पार्वतीला विचारतो, की हंसचिन्हांकित वधूवस्त्राची गाठ रक्त ठिबकणाऱ्या गजचर्माशी कशी बांधणार? एकीकडे कापडावरचा प्राणी, दुसरीकडे प्राण्याचे कापड. पहिला संस्कृती, दुसरे अरण्य. लांब-आखूड टाक्यांचा वाघ हा भेदच मोडतो: तो वधूवस्त्राच्या तंत्राने चर्म घडवतो. पाहणाऱ्याला त्यावर हात फिरवावासा वाटतो आणि किंचित भीतीही वाटते, ती यामुळेच.

पाश्चात्त्य परंपरेत ओव्हिडची अ‍ॅरॅक्नी आहे. तिच्या मागावरचा युरोपाला पळवणारा बैल खरा वाटतो, आणि तिच्या कामात खोट काढता येत नाही म्हणूनच देवता तिला कोळी बनवते. पण तो माग आहे, सुई नव्हे. सुईचे उदाहरण चीनमध्ये मिळते. शेन शोऊ (१८७४–१९२१) हिने प्रकाश-छायेचे भान भरतकामात आणले आणि आपले तंत्र ग्रंथरूपाने सांगून ठेवले. हूनान प्रांताच्या भरतकामात वाघाच्या लवीसाठी वेगळा टाकाच आहे: टाक्यांची एक टोके एकत्र आणि दुसरी विखुरलेली, केस मुळातून फुटावेत तशी. तेथे तंत्राला नाव मिळाले, म्हणून त्याची चिकित्सा करता आली. मराठीत साखळी टाका, गाठीचा टाका, उलटा टाका ही नावे रूढ आहेत. लवीच्या टाक्याला असे रूढ नाव नाही.

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पंडवानीतला त्यांचा भीम हुबेहूब आहे काय, असे कोणी विचारत नाही. त्या तो कसा उभा करतात, हे विचारले जाते. सुईच्या वाघालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. छायाचित्रावर बेतलेल्या पुष्कळ कामांत डोळ्यातील प्रकाशबिंदू अचूक उतरतो, पण पार्श्वभूमीचे कापड मुके राहते. ही उणीव ‘हुबेहूब’ म्हणणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. आणि चांपा-कोरब्याच्या कोशाचा उपजत मधाळ रंग, जो साध्या वाघाच्या पाठीच्या इतका जवळ आहे, तो रंगवलेल्या सुती लडीऐवजी सुईत ओवला तर त्या कापडावर काय घडेल, हे पाहण्याजोगे आहे.