उणे नऊ मिलिअँपिअर

नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक किलोओहमचा रोध. धारा ९ मिलिअँपिअर, हे दहावीचा विद्यार्थी तोंडी सांगेल. हाच परिपथ संगणकावर ‘स्पाइस’ या आज्ञावलीत मांडला, की बॅटरीतील धारा उणे ९ मिलिअँपिअर येते. एका प्रयोगवहीत हे उणे चिन्ह खोडलेले आम्ही पाहिले. वर शिक्षकांची ‘बरोबर’ ही खूणही होती. आमची तक्रार त्या खुणेबद्दल आहे.

स्पाइस १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नागेल यांनी डोनाल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केली. तिचा संकेत असा : घटकाच्या पहिल्या टोकातून आत शिरणारी धारा धन. बॅटरीचे पहिले टोक म्हणजे धनाग्र, आणि दिवा पेटवणाऱ्या बॅटरीच्या धनाग्रातून धारा बाहेर पडते. म्हणून उणे. विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार करून पाहा. बॅटरीचे उणे ८१ मिलिवॅट, रोधाचे अधिक ८१, बेरीज शून्य. चिन्ह खोडले, की ऊर्जा घेणारे दोन आणि देणारा कोणीच नाही!

‘इलेक्ट्रॉन उलटे जातात म्हणून उणे’ हे स्पष्टीकरणही कानावर येते. तसे असते तर रोधातील धाराही उणे आली असती.

आज्ञावलीला मात्र आम्ही पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. पूर्वी घटकांची यादी हाताने लिहीत, त्यामुळे रोधाचे पहिले टोक कोणते हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. आता परिपथाचे चित्र काढतात आणि टोकांचा क्रम पडद्याआड राहतो. स्पाइसच्याच कुळातील एलटीस्पाइसमध्ये रोध अर्धा फेरा फिरवा. चित्र जवळजवळ तसेच दिसते, आलेख मात्र उलटा होतो. दिशेचा बाण माऊस घटकावर नेल्यावरच दिसतो. छापलेल्या आकृतीवर तो नसतो, आणि बाणाविना चिन्हाला अर्थ नाही.

तेव्हा बाण आधी कागदावर काढून घ्यावा. त्या जागी शून्य व्होल्टचा स्रोत एकसरीत जोडावा, त्याचे धनाग्र बाणाच्या शेपटीकडे. हा झाला ॲमीटर. त्याचे चिन्ह आपल्या बाणाशी ताडता येते.

मग रोधाचे बॅटरीच्या ऋणाग्राकडचे टोक सोडवून १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीच्या धनाग्राला जोडावे. दोन्ही ऋणाग्रे एकत्र. (साध्या बॅटरीवर हे प्रत्यक्षात करू नये, संगणकातली फुटत नाही.) पहिल्या बॅटरीचे उत्तर आता अधिक ३ मिलिअँपिअर येते, दुसरीचे उणे ३. कोणती बॅटरी चार्ज होत आहे, हे वर्गाला विचारावे.