शेवटचा शेंगदाणा

मूठभर खारे शेंगदाणे मजेत खात बसावं आणि नेमका शेवटचा दाणा खवट निघावा, हा अनुभव तुम्हालाही असेल. आधीचे एकोणचाळीस दाणे खमंग होते, हे त्या वेळी कुणाला आठवत नाही. बरं, दाण्यांचं एक ठीक असतं. डब्यात हात घालून आणखी एक तोंडात टाकता येतो. कादंबरीचं तसं नाही. शेवट खवट निघाला की तसंच तोंड घेऊन झोपावं लागतं.

आमच्या सौ.नं यावर एक उपाय काढला आहे. ती कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. मुलगी देण्याआधी मुलाचा पगार विचारतात तसंच हे, असं तिचं म्हणणं. मी मात्र पहिल्या पानापासून इमानेइतबारे चालत जाणारा. म्हणूनच मार्क ट्वेननं मला गाठलं.

त्याची 'हकलबरी फिन' ही कादंबरी इंग्लंडात १८८४ साली आणि अमेरिकेत १८८५ साली निघाली. दारुड्या बापाच्या तावडीतून सुटलेला हक आणि मिस वॉटसनच्या घरून पळालेला तिचा गुलाम जिम, दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीत निघतात. पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे पाप, असं हकच्या मनावर बिंबलेलं. वाटेत एक भामटा चाळीस डॉलरांसाठी जिमला पकडून देतो. मग एकतिसाव्या प्रकरणात हक मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो, ते हातात धरून बसतो आणि शेवटी फाडून टाकतो. नरकात जावं लागलं तरी बेहत्तर, पण जिमला सोडवायचं! तेरा-चौदा वर्षांचं पोर ते. इथं मी दर वेळी चष्मा पुसतो.

आणि मग टॉम सॉयर येतो.

जिम एका खोपटात कोंडलेला. साखळी पलंगाच्या पायात अडकवलेली. पलंग जरा उचलला की मोकळी. हकचा बेत सरळ आहे : किल्ली लांबवायची आणि तराफा गाठायचा. पण टॉमनं कैद्यांच्या सुटकेच्या गोष्टी वाचलेल्या! त्यामुळे सुरीनं भुयार खणायचं, करंजीत सारण भरावं तशी पिठाच्या पारीत दोरीची शिडी भाजून पाठवायची, आणि जिमच्या सोबतीला उंदीर, साप, कोळी! तीन आठवडे हा तमाशा चालतो. पळताना टॉमच्या पोटरीत गोळी लागते. त्याच्यासाठी थांबलेला जिम पुन्हा पकडला जातो. तेव्हा टॉम सांगतो, मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, आणि मृत्युपत्रात तिनं जिमला मुक्त केलंय. त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं! एवढ्या छळाबद्दल तो जिमला देतो किती, तर चाळीस डॉलर. भामट्यानं घेतले होते तेवढेच.

जिम चोरीला जातो तिथंच पुस्तक मिटा, पुढं फसवणूक आहे, असं हेमिंग्वेनं १९३५ साली लिहिलं. उलट टी. एस. एलियटनं १९५० साली हा शेवट योग्यच ठरवला. गोष्ट जिथून निघाली त्याच सुरावर येऊन थांबली म्हणून. एलियटसाहेबांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. पण नुसता कंटाळवाणा शेवट मी सोसतो. दोन जांभया दिल्या की काम भागतं. हा शेवट मात्र उलटा चालत मागं येतो. हिशेब करून पाहा. हकनं पत्र लिहिलं तेव्हा मिस वॉटसन केव्हाच गेलेली होती. ज्या पत्रापायी मी चष्मा पुसला, ते घ्यायला पलीकडे कुणी नव्हतंच! हकचं धैर्य खोटं ठरत नाही, कारण बिचाऱ्याला हे माहीत नव्हतं. पण जिमला त्या धैर्यानं सोडवलं नाही, एका कागदानं सोडवलं. आणि तराफ्यावर आपल्याला माणूस म्हणून भेटलेला जिम पुन्हा पोरांच्या हातातलं खेळणं झाला.

हे सगळं मी सौ.ला तावातावानं सांगितलं. तिनं शांतपणे पुस्तक घेतलं, शेवटचं पान वाचलं आणि म्हणाली, "चांगलं आहे की! सॅलीमावशी आता शिस्त लावणार म्हणून ते पोरगं पुन्हा पळायच्या बेतात आहे."

खरंच होतं. शेवटचं पान झकास होतं. खवटपणा त्याच्या आधीच्या दहा-बारा प्रकरणांत होता.

आता आमच्या प्रतीतल्या तेवढ्या प्रकरणांना मी रबर लावून ठेवलं आहे. शेवटचं पान मात्र मोकळं सोडलंय. सौ.साठी.