पोपटाचा डोळा आणि बंदुकीची बैठक

नेमबाजाविषयी मराठीत काही लिहायचे म्हटले की लेखणी थेट द्रोणाचार्यांच्या झाडाखाली जाऊन बसते. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, एवढ्या भांडवलावर आमच्या शिकारकथा चालतात. नायक कोणाचीही बंदूक उचलतो, एक डोळा मिटतो आणि पहिल्याच बाराला वाघ लोळवतो. खरे पाहता आदिपर्वातला तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम आहे. व्यास कारागिराला विसरत नाहीत. आपण मात्र सोयीस्करपणे विसरतो.

रायफलीचा नेम डोळ्याइतकाच लाकडात असतो. नळी आणि तिच्यामागचा लोखंडी भाग दस्त्याच्या खाचेत बसवून स्क्रूंनी आवळतात. ही बैठक कुठे उंच, कुठे पोकळ राहिली, तर स्क्रू आवळताना लोखंडावर ताण येतो, बार झाल्यावर ते नेमके पूर्वीच्या जागी परतत नाही, आणि हात स्थिर असूनही गोळ्या विखुरतात. त्यात लाकूड दमट हवेत फुगते. आमच्या फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आटले की लोखंडी धाव कशी ढिली पडते, हे त्याने पाहिलेले असते.

जुने दस्तेकरी लोखंडाला काजळ फासून ते खाचेत दाबून पाहत. जिथे काळा डाग उमटे तेवढेच लाकूड तासत. पुन्हा काजळ, पुन्हा तासणी. पुढे राळेसारखे रसायन ओतून बैठक घडवण्याची रीत आली. लोखंडाला आधी मेण लावायचे, नाहीतर रायफल दस्त्यातून सुटायचीच नाही! नळी मात्र पुढे मोकळी हवी. तिच्याखालून कागदाची पट्टी सरकली पाहिजे. परदेशांत हौशी लोक हे घरीच करतात. आपल्याकडे बंदूक १९५९च्या कायद्याने परवान्याची वस्तू. तिच्या दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. स्पर्धेच्या रायफलींत आता ॲल्युमिनियमचे सांगाडेही असतात. पण स्क्रू किती पिळायचा, हा प्रश्न उरतोच.

कथाकाराला एवढा तपशील कशाला, असे कोणी म्हणेल. पण रहस्य इथेच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजतात. त्यांची बेरीज ४५१.४ झाली. अशा ठिकाणी केवळ गरुडदृष्टीचे गोडवे गाणारा लेखक नेमबाजाच्या निम्म्या कष्टांवर बोळा फिरवतो. त्याच्या नायकाला चमत्कार येतो, काम येत नाही.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९७ गुणांनी जगज्जेत्या ठरल्या. त्यांच्यासारखी नायिका घेऊन कोणी कादंबरी लिहिणार असेल, तर तिच्यातले निदान एक प्रकरण मला स्क्रूच्या पिळाचे हवे आहे.