वारसा खुर्चीचा आणि माठाचा

मीरा कुमार यांचे नाव निघाले की आपल्यातला कार्यकर्ता एका शब्दात निकाल लावतो : घराणेशाही. मीही तो निकाल अनेक वर्षे लावीत आलो. आज तो मला अपुरा वाटतो.

१९८५ ची बिजनोरची पोटनिवडणूक पाहा. जागा राखीव. १९७३ पासून परराष्ट्र सेवेत असलेल्या मीरा कुमार नोकरी सोडून काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. रामविलास पासवान दुसरे आले, मायावती तिसऱ्या. एकीचे वडील जगजीवनराम, देशाचे माजी उपपंतप्रधान. दुसरीचे वडील टपाल खात्यातले कर्मचारी. घराण्याने दिलेले बळ नाकारण्यात अर्थ नाही. पुढे २००४ आणि २००९ मध्ये त्या निवडून आल्या तो सासाराम मतदारसंघही वडिलांचाच.

पण सवर्ण घराण्यातल्या वारसाला सत्तेबरोबर जातीची प्रतिष्ठाही मिळते. दलित घराण्याचे काय? १९७८ साली जगजीवनराम यांनी वाराणसीत संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते. ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुण्यात आला! हाही लेकीचा वारसाच. दोन्ही वारसांना एकाच मापाने मोजणारी समीक्षा जात पाहायचेच नाकारते.

म्हणून माझा आक्षेप जन्मावर नाही, वाटचालीवर आहे. पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघातून येणारा प्रतिनिधी कोणाला बांधील राहील, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला होता. मीरा कुमार सामाजिक न्यायमंत्री झाल्या, २००९ मध्ये लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. या साऱ्या काळात त्यांची वेदना पक्षाच्या शिस्तीत बसेल एवढीच बोलली, असे मला वाटते.

तिचा खरा स्वर मला सत्तेबाहेर ऐकू आला. २०१७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी रामनाथ कोविंद यांच्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. लढत दलित विरुद्ध दलित अशी रंगवली गेली, तेव्हा त्यांनी सुनावले की, सवर्ण उमेदवार लढत होते तेव्हा कोणी जात काढली नव्हती. २०२२ मध्ये राजस्थानात एक दलित विद्यार्थी दगावला. शाळेतल्या माठाला हात लावला म्हणून शिक्षकाने त्याला मारले, असा आरोप झाला. राज्य त्यांच्याच पक्षाचे होते. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वी आपल्या वडिलांनाही शाळेत सवर्णांच्या माठातले पाणी वर्ज्य होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

आऱ्याच्या शाळेत अस्पृश्यांसाठी वेगळा ठेवलेला माठ विद्यार्थी जगजीवनराम यांनी फोडला होता. वडिलांची खुर्ची चालवणारे वारस पुष्कळ मिळतील. तो फोडलेला माठ ज्यांना आठवतो, त्यांनी खुर्चीत असतानाच बोलले पाहिजे. हे मी मीरा कुमार यांना सांगतो आहे, तसेच राखीव जागेवरून निवडून जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाला.