अद्भुतिकेतील क्रांती आणि दहशत

जुलमी राजवटीविरुद्ध प्रजेने उठाव करावा, तो यशस्वी व्हावा आणि अल्पावधीतच त्यातून नवी दहशत जन्माला यावी, हे कथासूत्र विसाव्या शतकातील अद्भुतिकांत वारंवार आढळते. परीकथेतील राजा, राक्षस व त्याचा वध करणारा वीर ही सामग्री येथेही असते. परंतु परीकथा जेथे संपते, तेथून ही कथा खऱ्या अर्थाने सुरू होते. या सूत्रामागे फ्रेंच राज्यक्रांतीची स्मृती आहे. १७८९ मध्ये मानवी हक्कांची घोषणा करणाऱ्या क्रांतीची परिणती १७९३-९४ मध्ये ‘दहशतीच्या राज्या’त झाली. सप्टेंबर १७९३ च्या कायद्याने केवळ संशयावरून अटक करणे शक्य झाले. जून १७९४ च्या कायद्याने आरोपीला वकिलाचे साहाय्यही नाकारले. या काळात सुमारे १७,००० व्यक्तींना रीतसर देहदंड झाला आणि जुलै १७९४ मध्ये रोब्झपीअरचाही गिलोटीनखाली अंत झाला. रशियन क्रांतीनंतर (१९१७), विशेषतः मॉस्कोतील १९३६–३८ च्या खटल्यांनंतर, हा प्रश्न पुन्हा तीव्रतेने पुढे आला. क्रांतीचा शेवट दहशतीतच होतो, असा निष्कर्ष या अद्भुतिका मांडतात, असे सामान्यतः समजले जाते. प्रमुख कृतींचे बारकाईने परिशीलन केल्यास मात्र हे मत टिकत नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या (१९०३–५०) अ‍ॅनिमल फार्म (१९४५) या कृतीस ‘परीकथा’ असे उपशीर्षक होते. तीतील राज्य म्हणजे एक मळा. मालकाला हुसकावून लावल्यावर तेथील पशू समतेच्या सात आज्ञा भिंतीवर लिहितात. नेपोलियन या डुकराने गुप्तपणे वाढविलेले नऊ कुत्रे पुढे त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पळवून लावतात, साप्ताहिक सभा बंद पडतात आणि कबुलीजबाब दिलेल्या पशूंची सर्वांसमक्ष हत्या होते. तथापि ऑर्वेलच्या स्वतःच्या मते कथेला कलाटणी मिळते, ती डुकरे दूध व सफरचंदे स्वतःसाठी राखून ठेवतात त्या वेळी. रक्तपाताच्या कितीतरी आधीचा हा क्षण क्षुल्लक वाटतो आणि कोणीही नेटाने आक्षेप घेत नाही. वाचता येणारे गाढवही स्वस्थ राहते. म्हणजे येथे दहशत अटळ नाही. ती वेळीच न विचारलेल्या प्रश्नातून वाढत जाते. या कृतीचा कलादृष्ट्या दोष असा, की डुकरांची बुद्धी व घोड्याचे भोळेपण जन्मजात ठरल्याने विषमता निसर्गसिद्ध भासते. लेखकाच्या आशयाला त्याने निवडलेले रूपकच छेद देते आणि वाचक नियतिवादाकडे झुकतो.

रशियन नाटककार येव्‌गेनी श्वार्ट्‌स (१८९६–१९५८) याचे ड्रॅगन हे नाटक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिले गेले. १९४४ मध्ये मॉस्को येथे सादर झाल्यानंतर त्यावर बंदी आली व १९६२ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आले. चारशे वर्षे एका नगरावर सत्ता गाजविणाऱ्या, दरवर्षी एका तरुणीचा बळी घेणाऱ्या ड्रॅगनला लान्सलॉट ठार मारतो. त्याला उडता गालिचा, अदृश्य करणारी टोपी व शस्त्रे गुप्तपणे पुरविणारे सामान्य कारागीर असतात. जखमी वीर नाहीसा होताच वधाचे श्रेय नगराध्यक्ष लाटतो, स्वतंत्र नगराचा प्रमुख बनतो आणि नागरिक सवयीने त्याचा उदोउदो करू लागतात. परतलेल्या लान्सलॉटला उमगते, की प्रत्येकाच्या अंतःकरणात दडलेला ड्रॅगन मारण्याचे किचकट काम अद्याप उरलेच आहे. दहशतीचे मूळ सत्ताधाऱ्याइतकेच शासितांच्या मनोवृत्तीत शोधल्यामुळे हे नाटक केवळ एका राजवटीवरील उपहासापुरते मर्यादित राहत नाही.

आर्काडी (१९२५–९१) व बरीस (१९३३–२०१२) या स्ट्रुगाट्‌स्की बंधूंची देव होणे कठीण या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी (१९६४) अधिक काळोखी आहे. आर्कानार या मध्ययुगीन राज्यात पृथ्वीवरून आलेला इतिहासज्ञ रुमाता सरदाराच्या वेषात वावरतो. हस्तक्षेप करण्यास त्याला मनाई असते. राज्याचा सूत्रधार दोन रेबा हा दुकानदार वर्गातून जमविलेल्या करड्या सैनिकांकरवी साक्षरांची शिकार करवितो आणि काम झाल्यावर धर्मपंथाच्या सशस्त्र भिक्षूंकडून त्याच सैनिकांची कत्तल होते. जन्मभर बंडे केलेला अराता रुमाताकडे विजेसारखी शस्त्रे मागतो. विजयी साथीदारांना जमिनी वाटल्या, की त्यांना भूदासही लागतील, या कारणास्तव रुमाता नकार देतो. युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु अरातासमोर मरणारी माणसे प्रत्यक्ष आहेत. दोघांपैकी कोणालाही लेखक पूर्णपणे खोटे ठरवीत नाहीत. अखेरीस प्रेयसीच्या हत्येनंतर रुमाता स्वतःच तलवार उपसून संहार करीत सुटतो. म्हणजे संयमाचे तत्त्वज्ञानही दहशतीपासून सुरक्षित नसते. आलेक्सेई गेर्मानच्या चित्रपटात (२०१३) चिखल व अंधार यांचे चित्रण प्रभावी आहे. मूळ कादंबरीतील नैतिक वाद मात्र त्यात बराच मागे पडतो.

या प्रकाराची एक मर्यादा स्पष्ट आहे. फ्रान्समधील १७९३ च्या दहशतीमागे परकीय सैन्यांचे आक्रमण, व्हांदे प्रांतातील उठाव व धान्याची महागाई ही ठोस कारणे होती. कल्पित राज्यात अशी कारणे पार्श्वभूमीला जातात आणि माणसांचे स्वभाव तेवढे ठळक होतात. त्यामुळे इतिहासाचे स्पष्टीकरण म्हणून या कृती अपुऱ्या ठरतात. त्यांचे सामर्थ्य निराळे आहे. एखादी सवलत, सोयीचे मौन किंवा शत्रूविषयीचा न्याय्य वाटणारा द्वेष दहशतीला वाट कशी करून देतो, हे त्या दाखवितात. जुन्या जुलमाची भलामण त्यांपैकी एकही कृती करीत नाही. ड्रॅगन व मळ्याचा मालक अखेरपर्यंत निषेधार्हच राहतात. क्रांती करू नये, असे सांगण्यापेक्षा विजयानंतरच्या पहिल्या दिवसांत जागे राहावे, हा त्यांचा खरा आशय होय.