‘सदैव’ आणि ‘कधीतरी’

□(मागणी → ◇प्रवेश)

दोन प्रक्रियांना एकाच फाइलमध्ये लिहायचे आहे आणि एका वेळी एकीलाच आत सोडायचे आहे. अशा प्रणालीच्या मॉडेलविषयीची ही ओळ. चौकोन म्हणजे ‘सदैव’, शंकरपाळीसारखी खूण म्हणजे ‘कधीतरी’, बाण म्हणजे ‘जर–तर’. कोणत्याही क्षणी मागणी होवो, त्या क्षणी किंवा पुढे कधीतरी प्रवेश मिळेलच, असे ती सांगते.

काळाचे हे तर्कशास्त्र न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात रचले, तेव्हा त्यांच्यापुढे नियती आणि इच्छास्वातंत्र्याचे कोडे होते. अमीर प्नुएली यांनी १९७७मध्ये ते प्रोग्रॅमना लावले. कारण ऑपरेटिंग सिस्टिम उत्तर देऊन थांबत नाही, चालतच राहते. तिची पारख चालण्यावरूनच करावी लागते. प्नुएली यांना या कामासाठी १९९६चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता ओळीत शिरू. चौकोन पुसला, तर वचन फक्त पहिल्या क्षणापुरते उरते. खुणांचा क्रम तर फारच नाजूक. □◇प्रवेश म्हणजे प्रवेश पुन्हा पुन्हा, अनंत वेळा मिळत राहणे. ◇□प्रवेश म्हणजे एकदा आत गेलेली प्रक्रिया कायमची ठाण मांडून बसणे! खुणा त्याच, पण पहिल्या क्रमात न्याय आहे आणि दुसऱ्यात बळकावणे.

‘कधीतरी’ला मुदत नाही, हीच यातली खरी गंमत. कितीही वेळ वाट पाहिली तरी ‘वचन मोडले’ असे म्हणता येत नाही. प्रवेश पुढच्याच क्षणी मिळू शकतो. मग मॉडेल तपासणारा प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल चेकर, ते खोटे कसे पाडतो? मॉडेलमधल्या अवस्था मर्यादित असल्या, की तो एक वाट दाखवतो, जी शेवटी वर्तुळात अडकते. त्या फेऱ्यात एक प्रक्रिया पुन्हा पुन्हा आत जाते आणि दुसरी जन्मभर ताटकळते. अनंत काळाचा अन्याय चार-सहा पायऱ्यांत समोर येतो. दरवेळी वाट इतकी आखूड नसते: अॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये अशा तपासणीत सापडलेल्या एका दोषाची सर्वांत आखूड वाटही ३५ पायऱ्यांची होती.

जाणकार मात्र मुद्दाम खोटे दावेही करतो. □¬मागणी, म्हणजे ‘मागणी कधीच होत नाही’. यंत्र लगेच हरकत घेते आणि मागणीपर्यंतची वाट काढून देते. मग □¬प्रवेश. मग ‘दोघी एकदम ताटकळत नाहीत’. प्रत्येक हरकतीबरोबर मॉडेलचा एकेक कोपरा उजळतो; सिद्धतेसाठी घडवलेली भाषा इथे प्रश्न विचारायला कामी येते.

आणि पहिलाच खोटा दावा यंत्राने खरा ठरवला, तर बाणाकडे पुन्हा पाहावे. मागणी कधी होतच नसेल, तर वरची देखणी ओळ बिनतक्रार सिद्ध होते. दार बंद असले तरी.