डावा पाय, उजवा पाय

काळे टी-शर्ट, अनवाणी पावलं, जमिनीवर उताणं पडून श्वासाकडे लक्ष, आणि मग सगळ्यांनी मिळून अतिमंद गतीनं रंगमंच ओलांडणं. रायपूरच्या तरुण मंडळींचे प्रयोग पाहताना हल्ली संहिता बदलते, देह मात्र तोच. ‘बॉडी अवेअरनेस’च्या शिबिरांतून घडलेला हा देह लवचीक आहे, शिस्तीचा आहे, आणि कुठल्याच गावचा नाही. नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीरांच्या जन्मगावी हे चालावं, याची चीड येते.

तन्वीर १९५५ मध्ये लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकायला गेले आणि लवकरच अस्वस्थ झाले. भाषा बदलली की हालचाल बदलते. मग इंग्रजी बोलण्याला बांधलेली चाल शिकून घरी जाऊन करायचं काय? पुढं ब्रिस्टल, मग बर्लिन, ब्रेख्टची नाटकं. परतल्यावर १९५८ च्या ‘मिट्टी की गाडी’ नाटकात त्यांनी नाचा या छत्तीसगडच्या लोकनाट्याचे सहा कलावंत घेतले. नंतरही बरीच वर्षं ते या नटांना हिंदीत बोलायला लावून विलायती पद्धतीनंच बसवत राहिले: इथून उठ, तिथं वळ, उजवा पाय पुढं. रात्र रात्र गाव खिळवून ठेवणारी ही माणसं तालमीत अवघडून जायची. डावं-उजवं चुकायचं.

चुकणारच. नाच्यात प्रेक्षक तिन्ही-चारी बाजूंना असतो. हशा जिकडून येईल तिकडं नट वळतो, दाद मिळाली की वाक्य लांबवतो, नाही मिळाली तर गाण्यावर उडी घेतो. त्याच्या अंगाला दिशा देतो तो प्रेक्षक. तन्वीरांनी १९७० नंतर दोन्ही बेड्या काढल्या, हिंदीची आणि आखलेल्या हालचालींची. १९७३ च्या रायपूरच्या शिबिरात नाच्याची तीन जुनी प्रहसनं गुंफून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभं राहिलं. ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम ही नाच्याची मंडळी छत्तीसगढीत बोलू लागली आणि त्यांचे खांदे सुटले. देवार समाजातली फिदाबाई तन्वीरांच्या ‘चरणदास चोर’ नाटकात राणी झाली, दरबारी डौल तिला कुणी शिकवलेला नव्हता, पण ती हुकूम सोडायची तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची. १९८२ मध्ये एडिनबराच्या महोत्सवात याच नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. शिक्षक म्हणून तन्वीरांची खरी कमाई ही की स्वतःचं शिक्षण बाजूला ठेवायला त्यांनी पंधराएक वर्षं खर्चली.

देह शब्दातून घडतो हे पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाणाऱ्या तीजनबाईंकडे पाहूनही कळतं. बायकांनी बसून पंडवानी गायची असा रिवाज असताना त्या उभ्या राहिल्या आणि हातातला तंबोरा भीमाची गदा झाला. ती गदा वजनदार वाटते ती शब्दामुळे. आवाज काढून टाका, हातात काठी उरेल.

शिबिरवाले म्हणतील, खुर्चीत आखडलेल्या शहरी पोरांना व्यायाम नको का? हवा, जरूर हवा. फेल्डनक्राइस किंवा अलेक्झांडर या देहशिक्षणाच्या पद्धती शिका, सूर्यनमस्कार घाला. माझं भांडण ‘न्यूट्रल’ देहाशी आहे. हा न्यूट्रल नेमका कुठला? रायपूरच्या टिकरापाऱ्यातली मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटी हाकते, चाटवाल्याशी हुज्जत घालते, घरात सासऱ्यांसमोर आवाज आणि खांदे दोन्ही उतरवते. एवढा तयार माल घेऊन ती तालमीला येते आणि पहिल्याच दिवशी तिला सांगतात, हे सगळं पुसून टाक. मग तिच्याकडून तीच मंद चाल करून घेतात आणि त्याला मुक्ती म्हणतात! ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातला, ब्राह्मणांच्या रांगेनं केलेला माणसांचा पडदा आठवा. १९७२ च्या त्या पुणेरी रांगेत एकही अंग न्यूट्रल नव्हतं. डुलणं, वाकणं, पाठ फिरवणं, सगळं जातीचं आणि शहराचं होतं, म्हणून ते टोचलं.

छत्तीसगढी बोलली की नाटक ‘लोक’ होतं आणि गप्प राहिलं की ‘आधुनिक’, ही समजूत या शिबिरांच्या मुळाशी आहे. मुकाट देहाला कुठलाही महोत्सव बोलावतो, अनुवाद लागत नाही, एवढीच त्यातली सोय. आधुनिकच व्हायचं असेल तर पहिल्या तालमीपासून मोहल्ल्यातली पन्नास माणसं तिन्ही बाजूंना बसवा, नटांना घरच्या भाषेत भांडू द्या, आणि शिबिराच्या संचालकांनी त्या गर्दीत मागं बसावं. डावा पाय कधी टाकायचा ते लोक सांगतील.